गरिबांच्या इन्सुलिनची कुळकथा

वडखळच्या नाक्यावर मुंबईहून येणारा महामार्ग दुभंगतो. एक वाट नागोठण्यावरून गोव्याकडे जाते, दुसरी धरमतरची खाडी ओलांडून अलिबागेस पोहोचते. गणपतीच्या दिवसांत ह्या नाक्यावर वाहने किती खोळंबतात, हे कोकणात घर असलेल्या मुंबईकरांस सांगावयास नको. जवळच डोलवीचा पोलादाचा कारखाना आहे. सभोवार खारभूमी, मिठागरे, आगरी-कोळ्यांची गावे आणि कातकऱ्यांच्या वाड्या. दवाखान्याचे म्हणाल तर पेण हाकेच्या अंतरावर आहे, जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे, आणि त्याहून मोठा उपचार हवा असल्यास पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. एरवीच्या दुखण्यांना ही व्यवस्था कशीबशी पुरते. हाड मोडले, ताप चढला, बाळंतपण अडले, की माणसे गाडी करतात, उसनवारी करतात, आणि एकदा रोगी बरा होऊन घरी आला की उसने फेडत बसतात. पण बालपणीच जडणारा मधुमेह हे असे दुखणे आहे की त्यात रोगी कधीच 'बरा होऊन' घरी येत नाही. औषध रोज लागते, जन्मभर लागते, आणि काही दिवस ते मिळाले नाही तर मूल हातचे जाते.

ह्या दुखण्याकरिता धर्मादाय संस्था कशा निघाल्या, त्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. ती वडखळला घडलेली नाही. ती लिस्बन, लंडन, फिलाडेल्फिया आणि आपल्या नागपूर येथे घडली. तरी ती सांगताना आम्ही वडखळचा नाका डोळ्यांसमोर ठेवणार आहोत, कारण औषध कोठेही निघो, ते अखेर अशाच नाक्यावर उतरून पुढे पायवाटेने एखाद्या घरापर्यंत पोहोचावे लागते.

प्रथम दुखण्याविषयी दोन शब्द. 'मधुमेह' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सुटलेल्या पोटाचे, बिनसाखरेचा चहा पिणारे, सायंकाळी फिरावयास निघालेले गृहस्थ येतात. मुलांचा मधुमेह त्याच नावाचा असला तरी त्याच जातीचा नव्हे. सुश्रुताने प्राचीन काळीच सहज आणि अपथ्यनिमित्तज असे प्रमेहाचे दोन भेद सांगून पहिल्यातील रोगी कृश व दुसऱ्यातील स्थूल असतो, अशी नोंद केली होती. आज आपण जाणतो, की मुलांच्या मधुमेहात शरीराची संरक्षक व्यवस्थाच चुकून स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. गोड खाल्ल्याने हा रोग होत नाही, आईबापांच्या कोणत्याही कर्माने होत नाही, आणि संसर्गानेही होत नाही. मुलाला अतोनात तहान लागते, ते सारखे लघवीस जाते, अंथरूण ओले न करणारे मूल पुन्हा करू लागते, भरपूर खाऊनही वाळत जाते. लघवीला मुंग्या लागतात ही जुन्या वैद्यांची खूण अजूनही खेड्यापाड्यांतील आयांना प्रथम दिसते. ह्या टप्प्यावर रक्तातील साखर तपासली नाही, तर पुढे उलट्या, पोटदुखी, धाप आणि बेशुद्धी येते. आणि मग पोटाचा विकार, हिवताप, क्वचित् बाहेरची बाधा, अशा भलत्याच नावाखाली मूल दगावते. ते मधुमेहाने गेले ह्याची कोठे नोंदही होत नाही. वस्तुतः तपासणी एका थेंबाची असते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती होऊ शकते. प्रश्न तिची आठवण होण्याचा आहे.

शंभर वर्षांपूर्वी निदान झाले असते तरी उपयोग नव्हता. अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन ह्या वैद्याने उपासमारीची पद्धत रूढ केली होती. म्हणजे मुलाला इतके कमी खावयास द्यावयाचे की साखर चढूच नये. त्यामुळे मुले काही महिने, काही वर्षे अधिक जगत आणि मग उपासाने मरत. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो येथे प्राध्यापक मॅक्लिऑड ह्यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट ह्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी तो १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला टोचण्यात आला. पहिली सुई फारशी मानवली नाही. जेम्स कॉलिप ह्या रसायनतज्ज्ञाने अर्क शुद्ध केल्यावर २३ जानेवारीस पुन्हा टोचला, आणि मूल उठून बसले. त्याच वर्षी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज ह्यांची कन्या एलिझाबेथ हिच्यावर बँटिंगने उपचार केले. लिओनार्ड इस्पितळाच्या धर्मार्थ विभागातला गरिबाचा मुलगा होता, एलिझाबेथ मंत्र्याची मुलगी. तो १९३५ पर्यंत जगला. ती १९८१ पर्यंत, सुमारे ४२ हजार सुया टोचून घेऊन. ह्या दोन आयुष्यांतील फरक सर्वस्वी पैशामुळे पडला असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण लिओनार्डचा शेवट न्यूमोनियाने झाला. तथापि, इन्सुलिनच्या इतिहासात श्रीमंत आणि गरीब हे दोन रोगी पहिल्याच वर्षी शेजारी शेजारी उभे होते, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप ह्यांनी पेटंटाचे हक्क १९२३ मध्ये विद्यापीठास एकेका डॉलरला देऊन टाकले. औषध सर्वांस मिळावे हा त्यांचा हेतू होता. परंतु शोध फुकट दिला तरी बाटली फुकट होत नाही. ती गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांपासून कारखान्यात बनत असे, तिला किंमत होती, आणि ती किंमत रोज मोजावी लागे.

ह्या बाटलीच्या किमतीचा विचार संस्था काढून प्रथम कोणी केला? लंडनकरांनी नव्हे, न्यूयॉर्ककरांनीही नव्हे. तो लिस्बनमध्ये झाला, आणि येथे आमच्या वाचकांनी थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. रायगडच्या किनाऱ्यावरील माणसांना पोर्तुगीज आठवतात ते चौल-रेवदंड्याच्या तटबंदीमुळे आणि कोर्लईच्या किल्ल्यामुळे. १७४० साली तो मुलूख मराठ्यांकडे आला. कोर्लई गावात पोर्तुगीजमिश्रित बोली मात्र घराघरांत टिकून राहिली. तोफा, किल्ले आणि भाषा मागे ठेवणाऱ्या त्या देशाने मधुमेह्यांच्या जगाला एक वेगळीच देणगी दिली, ती फारशी कोणास ठाऊक नाही.

एर्नेस्तो रोमा हा पोर्तुगीज डॉक्टर इन्सुलिन नुकतेच बाहेर येत होते त्या काळात अमेरिकेत, बोस्टन येथे होता. तेथे इलियट जोस्लिन ह्यांचे काम त्याने पाहिले. जोस्लिन हे रोग्याला शिकवणे हाच अर्धा उपचार मानणारे वैद्य. परिचारिका घरोघरी पाठवून ते रोग्यास सुई टोचावयास, अन्न मोजावयास शिकवीत. रोमा मायदेशी परतला तेव्हा त्याला दिसले, की पोर्तुगालमधील बहुसंख्य रोग्यांना ही बाटली परवडण्यासारखी नाही, आणि परवडली तरी ती वापरावी कशी हे कोणी सांगत नाही. १३ मे १९२६ रोजी लिस्बनमध्ये त्याने एक संस्था स्थापन केली. तिचे नाव साधे आणि सरळ होते: गरीब मधुमेह्यांची संरक्षक संस्था. १३ मे ही फातिमाच्या दर्शनाची तिथी म्हणून कॅथलिक वाचकांच्या ओळखीची आहे. संस्थेचा आणि त्या दर्शनाचा संबंध जोडावयाचा आमचा मुळीच विचार नाही, परंतु दिवस लक्षात राहावयास सोपा आहे. दोनच आठवड्यांनी, २८ मे रोजी, पोर्तुगालमध्ये लष्करी उठाव होऊन प्रजासत्ताक कोसळले. सरकार गेले, संस्था राहिली. मधुमेहाच्या रोग्यांसाठी निघालेली जगातील ही पहिली संस्था मानली जाते.

रोमाच्या संस्थेचे मर्म नुसत्या दानात नव्हते. क्विनीन देऊन हिवतापाचा रोगी घरी पाठवता येतो. इन्सुलिनचे तसे नाही. कमी टोचले तर साखर चढते, अधिक टोचले तर साखर उतरून माणूस बेशुद्ध पडतो, आणि दोन्ही गोष्टी डॉक्टरच्या गैरहजेरीत, घरच्या ओसरीवर घडतात. म्हणून ज्याच्या हाती बाटली द्यावयाची त्याच्या हाती विद्याही द्यावी लागते. त्या काळी रक्त तपासण्याची सोय घरी नव्हती. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते उकळावयाचे आणि रंग पाहावयाचा. निळा राहिला तर ठीक, हिरवा-पिवळा झाला तर सावध, विटकरी झाला तर साखर फार. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांपैकी कोणी जुन्या दवाखान्यांत ती परीक्षानळी पाहिली असेल. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही रंग वाचता येतो, हे ह्या तपासणीचे मोठेपण होते. पुढे ह्या संस्थेच्या नावातील 'गरीब' हा शब्द गेला आणि तेथे 'पोर्तुगाल' आले. संस्था सर्वांची झाली हे चांगलेच. तरी तो शब्द राहावयास हवा होता, असे आम्हांस उगीचच वाटून जाते.

लंडनची गोष्ट थोडक्यात सांगतो. रॉबर्ट लॉरेन्स हा तरुण डॉक्टर स्वतःच मधुमेही. आईच्या डोळ्यांदेखत मरणे नको म्हणून तो इटलीत फ्लॉरेन्स येथे जाऊन व्यवसाय करीत होता. १९२३ मध्ये लंडनहून सहकाऱ्याची तार गेली, की इन्सुलिन आले आहे, गुण येतो, त्वरित परत ये. तो मोटार हाकीत युरोप ओलांडून आला आणि वाचला. त्याच्याच रोग्यांपैकी एक होते सुप्रसिद्ध कादंबरीकार एच. जी. वेल्स. ह्या दोघांनी १९३४ मध्ये डायबेटिक असोसिएशन काढली. तिचा विशेष हा, की रोगी आणि डॉक्टर एकाच पंगतीला बसले. १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ निघाला तेव्हा लॉरेन्सच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. आपल्याकडे मुंबईत १९५५ मध्ये डॉ. एस. एस. आजगावकर ह्यांच्या पुढाकाराने डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. माहीमचे रहेजा रुग्णालय हे तिच्याच कार्याचे फळ. माहीमच्या नोव्हेनाला जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी ते पाहिले असेल.

पण ह्या सर्व संस्था मुख्यतः प्रौढांच्या होत्या. रोग्यांत प्रौढ संख्येने फार, म्हणून सभा त्यांच्या, पत्रके त्यांची, आहाराचे तक्ते त्यांचे. मुलांचा प्रश्न स्वतंत्र आहे हे ज्यांनी जगास बजावून सांगितले ते डॉक्टर नव्हते. ते आईबाप होते. १९७० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ली ड्यूकॅट आणि न्यूयॉर्कच्या कॅरोल ल्युरी ह्या मातांनी इतर पालकांसह जुव्हेनाइल डायबिटीस फाउंडेशन स्थापन केले. आपल्या मुलाला सुई टोचताना सर्वच आया रडतात. ह्या बायांनी रडून झाल्यावर विचारले, की रोग मुळातून नाहीसा करण्यासाठी कोण काय करीत आहे? सुई चालू राहणे म्हणजे उपाय नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी देणग्या गोळा केल्या त्या औषधवाटपासाठी नव्हे, संशोधनासाठी. त्या सरकारदरबारीही गेल्या. १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मधुमेहाच्या संशोधनाचा व शिक्षणाचा कायदा केला, त्यामागे ह्या पालकांच्या खेपांचा वाटा होता. संशोधकांचे अर्ज तपासताना तज्ज्ञांबरोबर सामान्य पालकांनाही बसवावयाचे, अशी रीत त्यांनी पाडली. प्रयोगशाळेतील विद्वानाला एका आईपुढे आपले काम समजावून सांगावे लागणे, ह्यासारखी कठीण परीक्षा नसेल.

ह्या मातांचा मार्ग बरोबर होता की रोमाचा? अमेरिकेत इन्सुलिन मिळणे, निदान मध्यमवर्गाला, गृहीत होते. तेथे संशोधनाकडे वळणे स्वाभाविक होते. त्यांच्या संस्थेने वाढत वाढत संशोधनास मोठे बळ दिले. २०२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मान्यता मिळालेले टेप्लिझुमॅब हे औषध, जे रोग साधारण दोन वर्षे पुढे ढकलते, त्याच्या वाटचालीसही तिचा पैसा लागला आहे. २०२४ मध्ये संस्थेने आपले नाव बदलून ब्रेकथ्रू टी वन डी असे केले, कारण हा रोग मोठेपणीही जडतो आणि मुलेही मोठी होतात. हे सर्व थोर आहे. परंतु ज्या घरात उद्याच्या बाटलीची भ्रांत आहे, तेथे दोन वर्षे रोग पुढे ढकलणाऱ्या महागड्या औषधाची वार्ता दूरच्या देशातील पावसासारखी वाटणार. आमचे मत विचाराल तर रोमा आणि ड्यूकॅट हे विरोधी पक्ष नव्हेत; मात्र क्रम रोमाचा आधी.

आता नागपूरकडे वळू. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे ह्यांनी नागपुरात एक न्यास स्थापन केला. डायबिटीस रिसर्च, एज्युकेशन अँड मॅनेजमेंट ह्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्याचे नाव 'ड्रीम ट्रस्ट' ठेवले गेले. संशोधन, शिक्षण आणि उपचार हे तिन्ही शब्द नावातच आहेत. म्हणजे लिस्बनचा आणि फिलाडेल्फियाचा धागा येथे एकत्र विणलेला दिसतो. पण न्यासाचा गाभा होता तो गरीब घरांतील मधुमेही मुलांना इन्सुलिन, सुया व तपासणीच्या पट्ट्या विनामूल्य देण्याचा. विदर्भातील शेतमजूर, रिक्षावाले, हातगाडीवाले ह्यांची मुले. त्यांच्या बापाच्या मिळकतीचा केवढा भाग ह्या औषधाने गिळला असता ह्याचा हिशेब करून पाहावा.

तो हिशेब येथेच करू. आपल्या देशात बाटलीतील इन्सुलिन सामान्यतः एका मिलिलिटरात ४० युनिट ह्या प्रमाणात मिळते. १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट झाले. पंचवीस किलो वजनाच्या मुलाला दिवसास सुमारे वीस-पंचवीस युनिट लागतात असे धरले, तर बाटली सोळा ते वीस दिवस पुरेल. मूल वयात येऊ लागले की गरज वाढते. त्याखेरीज सुया, त्याखेरीज साखर तपासण्याच्या पट्ट्या, ज्या दिवसास तीन-चार लागाव्यात असे तज्ज्ञ म्हणतात आणि ज्या बहुधा इन्सुलिनहूनही महाग पडतात. बाटली घेतली पण पट्टी घेतली नाही, तर तो अंधारात बाण मारणे होय. आणि अंदाजावर भागवू नये असे सांगावयास आता पुरावा आहे: १९८३ ते १९९३ ह्या काळात अमेरिका व कॅनडामध्ये १४४१ रोग्यांवर जो मोठा अभ्यास झाला, त्यात साखर काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्यांत डोळ्यांच्या पडद्याचा विकार ७६ टक्क्यांनी कमी आढळला. मूल केवळ जगवणे आणि त्याची दृष्टी वाचवणे ह्यांत अंतर आहे, आणि ते अंतर पट्ट्यांच्या पैशाचे आहे.

नागपूरच्या ह्या कामास दूरवरून साहाय्य मिळाले. ऑस्ट्रेलियातील रॉन राब, स्वतः बालपणापासून मधुमेही, ह्यांनी 'इन्सुलिन फॉर लाइफ' ही संस्था चालवली. श्रीमंत देशांतील घरांत न वापरलेल्या, मुदत शिल्लक असलेल्या बाटल्या पडून असतात. रोग्याचे औषध बदलले, कोणी वारले, की त्या कचऱ्यात जातात. त्या गोळा करून गरीब देशांतील मुलांना धाडावयाच्या, ही त्यांची कल्पना. घरातील शिळे अन्न वाया जाऊ न देणाऱ्या गृहिणीची ही बुद्धी आहे. तिला आंतरराष्ट्रीय स्वरूप दिले एवढेच. सिडनीकडूनही पुढे 'लाइफ फॉर अ चाइल्ड' हा उपक्रम निघाला आणि त्याने अनेक देशांतील मुलांचा भार उचलला.

परदेशी बाटलीत एक धोका मात्र दडलेला असतो. तेथील इन्सुलिन एका मिलिलिटरास १०० युनिट ह्या तीव्रतेचे. आपल्या बाजारातील लाल टोपणाची सुई ४० युनिटच्या मापाची. परदेशी बाटलीतील औषध देशी सुईने तेवढ्याच रेघेपर्यंत ओढले तर अडीच पट मात्रा जाते, आणि मूल साखर उतरून कोसळते. म्हणून अशी मदत वाटणाऱ्याने बाटलीबरोबर तिच्याच मापाची सुई देणे आणि आईस रेघा मोजावयास शिकवणे अपरिहार्य ठरते. नुसती खोकी उतरवून फोटो काढणाऱ्या दानशूरांचे हे काम नव्हे. लिस्बनच्या रोमाने १९२६ मध्ये जे ओळखले ते येथे पुन्हा शिकावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, तरी सांगितली पाहिजे. मुलगा आजारी पडला तर घर विकून औषध आणतात. मुलगी आजारी पडली तर घरात विचारविनिमय होतो. हिच्यावर जन्मभर खर्च करावयाचा, वर हिचे लग्न कोण करणार, असे शब्द उघड उच्चारले जात नाहीत. सुईची वेळ मात्र हळूहळू चुकू लागते. मधुमेही मुलींच्या कामात पडलेल्या सर्वांना हा अनुभव आहे. अशा ठिकाणी फुकट बाटलीचे मोल तिच्या किमतीहून मोठे असते, कारण ती आईबापांच्या मनातला तो प्रश्नच उद्भवू देत नाही. नागपूरच्या न्यासाने औषधाबरोबर मुलांच्या शिक्षणाकडे आणि पायावर उभे राहण्याकडे लक्ष दिले, ते ह्याच कारणाने आम्हांस महत्त्वाचे वाटते. कमावत्या मुलीला स्वतःची बाटली स्वतः घेता येते. आमच्या समाजातही सोयरीक जुळवताना हा आजार लपवण्याची रीत अगदीच नाही असे नाही. ज्यांना उद्देशून हे लिहिले आहे त्यांस ते कळेल.

महाराष्ट्रात इतरत्रही कामे उभी राहिली. संभाजीनगरला, त्या वेळच्या औरंगाबादेत, डॉ. अर्चना सारडा ह्यांनी मुलांसाठी 'उडान' सुरू केले. पुण्यात जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही मुलांची उंची, हाडे आणि वाढ ह्यांचा अभ्यास केला. भारतीय मूल किती वाढले पाहिजे ह्याचे माप भारतीय मुलांवरूनच ठरावे, हा त्यामागील आग्रह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तरुण मधुमेह्यांची नोंदवही २००६ मध्ये सुरू केली आणि २०२२ मध्ये ह्या रोगाच्या उपचारांचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील अशी मुले सुमारे २ लाख २९ हजार होती. एवढा मोठा आकडा कोणत्याही एका न्यासाच्या पदरात मावणारा नाही. सरकारने हे ओझे घ्यावयास हवे, आणि काही ठिकाणी ते अंशतः घेतलेही जाते. पण धर्मादाय संस्थेचा दाखला पुढे करून सरकारने हात झटकू नयेत, इतके म्हणण्याचा अधिकार प्रत्येक करदात्यास आहे.

प्रसंगोपात्त एक योगायोग नोंदवतो. १४ नोव्हेंबर हा बँटिंगचा जन्मदिवस. तोच जागतिक मधुमेह दिन ठरला. संयुक्त राष्ट्रांनी २० डिसेंबर २००६ च्या ठरावाने त्यास मान्यता दिली. आपल्याकडे तो पंडित नेहरूंचा जन्मदिवस म्हणून बालदिन. शाळाशाळांत त्या दिवशी मुलांना पेढे-चॉकलेटे वाटतात. वर्गात एखादे मूल वाटणी नको म्हणाले तर बाईंनी त्याला रागावू नये, आणि ज्याची साखर अकस्मात उतरली आहे त्या मुलाला मात्र तेच चॉकलेट जीवदान ठरते, हे दोन्ही त्यांस ठाऊक असावे.

आता पुन्हा वडखळ. समजा, खारपट्टीतील एखाद्या वाडीत असे मूल आहे, आणि समजा, कोणा न्यासाने त्याचे नाव लिहून घेतले आहे. बाटली शीत ठेवावी लागते, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या खणात ठेवली तर गोठून निकामी होते, आणि उन्हात राहिली तरीही निकामी होते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत चढतो, पण हवा कोरडी असते. तेथे मातीच्या मडक्यात ओल्या वाळूत बाटली ठेवली तर पाणी उडून जाताना मडके चांगलेच थंड राहते. गरिबाच्या घरचा हा फ्रिज मोठा गुणाचा आहे. कोकणात मात्र तो तितका लागू पडत नाही, कारण येथील दमट हवेत पाणी उडते कमी आणि गारवा येतो कमी. पेणच्या कुंभाराचे मडके नागपूरच्या कुंभाराच्या मडक्याइतकेच चांगले असले तरी हवा वेगळी आहे. तेव्हा येथे नागपूरचा धडा जसाच्या तसा गिरवून चालणार नाही. कोणाच्या तरी विजेच्या फ्रिजचा आधार शोधावा लागेल. किराणा दुकानाचा, अंगणवाडीताईंच्या घरचा, नाहीतर फादरांच्या निवासाचा. आणि पावसाळ्यात वीज गेली की त्या फ्रिजचे दार उघडावयाचे नाही, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे लागेल. एक बाटली फ्रिजात, एक वापरातली. वापरातली घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात, चुलीपासून आणि पत्र्यापासून दूर. तिच्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहावयाची. त्या तारखेपासून साधारण २८ दिवस. मग आत औषध उरले असले तरी ती टाकून द्यावयाची आणि दुसरी उघडावयाची.